मामीच्या स्वयंपाकघरातल्या पाकोळ्या

साम्पित, नदीकाठ

प्रिय रुस्मिनी मावशी,

दोन थर एकमेकांना चिकटले आहेत, असं नेमकं केव्हा म्हणायचं? प्रश्न माझ्याच प्रबंधातला आहे आणि त्याचं उत्तर मला देता येत नाही, हे आधीच कबूल करते. तुला सलाम, काकांना सलाम, आणि काकांच्या गुडघ्याची वेगळी चौकशी. इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त आम्ही सध्या आमच्या घरात जेवत नाही. ते का, तेच सांगायला बसले आहे.

अस्मुनी मामांनी घरावर पाकोळ्यांसाठी मजला चढवला, हे तुला ठाऊक आहेच (खिडकी नाही, नुसतं एक भोक, एवढा एकांत या घरात माणसांना कधी मिळाला नाही). या पाखरांनी आत आपल्या लाळेची घरटी बांधावीत आणि आपण ती सूप करणाऱ्यांना सोन्याच्या भावाने विकावीत, असा बेत. पण दिवसभर कर्ण्यांतून पाकोळ्यांची किलबिल वाजवूनही तिथे एक पाल सोडून कोणी राहायला आलं नाही, आणि शेजारी हाजी जर्कासींच्या मजल्यावर मात्र रोज संध्याकाळी झुंबड. मी सुट्टीला आले तशी मामांनी मला दारातच गाठलं. "घराण्यातली पहिली पदवीधर तू. आवाजाचंच शिकतेस ना? मग लाग कामाला."

मी आवाजाचं नाही, थरथरीचं शिकते. वीज दिली की पसरणारी आणि आकसणारी एक चकती असते, दिसायला चिनीमातीसारखी. अशा दोन चकत्या पितळी पत्र्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवायच्या. एक पसरताना दुसरी आकसली की सगळं मिळून वाकतं, आणि भरभर वाकलं की आवाज होतो. ते कसं थरथरेल, याची समीकरणं म्हणजे माझा प्रबंध. (मामीला हे सांगितलं तर म्हणाली, "एक सैल सोडतो तेव्हा दुसरा आखडतो. त्यासाठी सुराबायाला कशाला गेलीस, माझा संसार बघायचा होतास.") पुढच्या महिन्यात तोंडी परीक्षा आहे. ती झाली की माझी दुसरी पदवी हातात, आणि आई सभागृहात पहिल्या रांगेत. पहिल्या पदवीच्या वेळी गर्दीमुळे तिला बाहेर उभं राहावं लागलं होतं. तेव्हापासून ती या दिवसावर डोळा ठेवून आहे.

तर मी समीकरणांवरून स्वतःच्या हातांनी कर्णे बनवले. समीकरणांचं पहिलंच वाक्य आहे की थर एकमेकांवर जराही सरकत नाहीत. मजल्यावर लावले, तर आवाज अगदी कागदावर होता तस्सा आला. मला भरून आलं. पालसुद्धा निघून गेली.

एक कर्णा मामांनी चाचणीसाठी स्वयंपाकघरात, भाताच्या पातेल्याच्या वर टांगला आणि तिथेच विसरले. आणि एका संध्याकाळी नदीकडच्या खिडकीतून पाकोळ्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या. त्यातल्या एका जोडप्याने तर मसाल्याच्या फळीवरच्या तुळईला घरटं चिकटवायला घेतलं. मामांनी त्या क्षणी चूल विझवली. आता तिथे चढ्या आवाजात बोलायची बंदी आहे आणि आई नि मामी हाजींच्या घरी रांधतात. (हाजी म्हणाले, "पाखरं नेलीस अस्मुनी, आता चूलही ने." पण कालवण दोनदा वाढून घेतात.) मामी गावभर सांगते की पाखरं तिच्या हारुआन माशाच्या वासावर भाळली, आणि घरातल्या एका माणसाला हे अजून जमलेलं नाही.

मी कर्णा उतरवून त्याची थरथर मोजली. भाताच्या वाफेने गोंद मऊ झाला होता, थर एकमेकांवर सरकत होते, थरथर मंद झाली होती आणि आवाज खाली आला होता. पाकोळ्यांना तेच आवडलं की मामीचा मासा, ते मी सांगू शकत नाही. पण माझं पहिलं वाक्य भाताच्या वाफेपुढे टिकलं नाही, एवढं नक्की. माझे मार्गदर्शक सुलिस्त्यो सर, त्यांना फोन केला. ते म्हणाले, "नोरजन्ना, एक गुणक लाव, आकडे जुळतील. परीक्षक काही भाताचं पातेलं घेऊन येत नाहीत." सर मनाने फार चांगले आहेत. मी गुणक लावून पाहिला. इतके छान जुळले आकडे, मावशी, की मला त्या पानाकडे बघवेना. तो गुणक कुठून आला, असं कोणी विचारलं तर मी काय सांगणार?

तुझी भाची,
नोरजन्ना

ता. क. : पदवीदानाला सगळ्या गल्लीने एकसारखे कपडे घालायचे म्हणून आईने तुझ्याकडे जांभळ्या कापडाचा गठ्ठा शिवायला पाठवला आहे. ते कापू नकोस. आईने विचारलं तर मशीन बिघडलं म्हण. कापलं असलंस तर शिवणीत भरपूर कापड सोड, कारण वर्षभर मंडळी हाजींकडे जेवणार आहेत.

आणखी ता. क. : मशीनचं राहू दे. गोंदाचं खरं सांगायचं आणि आईला मशीनचं खोटं, हे लिहिताना माझं मलाच पटेना. म्हणून पत्र तसंच ठेवून हाजींच्या चुलीपाशी गेले आणि आईला सगळं सांगितलं. तिने कढईतला मासा उलटला. मग म्हणाली, "पाकोळ्या तरी राहतील ना?" मी म्हटलं, माहीत नाही. या वर्षीच्या परीक्षेतून नाव मात्र मी परवाच काढून घेतलं.