साठच्या खाली पेटलेलं डिझेल

सोमवार, ३ नोव्हेंबर

सीनियर केमिस्ट — संपदा! आठ वर्षं मी या फुजैरा बंदरावरच्या लॅबमध्ये जहाजांचं डिझेल तपासतेय, आणि खुर्ची कुणाला? पुण्याहून परवा आलेल्या पोरीला! लॅबचे मॅनेजर शैलेंद्र सर, त्यांनी केक कापला. वर मला म्हणाले, "विभावरी, यू आर लाइक हर बिग सिस्टर, हं!" हसले मी. गाल दुखेपर्यंत हसले.

घरी ओवीला सांगितलं. मोबाइलमधून मान वर न करता म्हणते, "मम्मा, मेबी शी इज जस्ट बेटर?" पोटची पोर!

गुरुवार, ६

आज पुन्हा सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. दार बंद. अर्धा तास! माझ्याशी दारातच बोलतात — रिपोर्ट घेतला, सही केली, खलास.

मी आपली मशीनपाशी. डिझेल हळूहळू तापवायचं, वाफ कितीला पेटते ते बघायचं. साठ डिग्रीच्या आत पेटलं तर ते जहाजात भरू द्यायचं नाही, इंजिनरूममध्ये आगीचा धोका. एवढंच माझं काम; रिपोर्टवरचा शेवटचा आकडा सीनियर लिहिणार. आत काय चाललं होतं देव जाणे.

मंगळवार, ११

केबिनमधून बाहेर आली ती काजळ पसरलेलं. नाटकं नुसती! सरळ माझ्याकडे आली.

"विभाताई, पाच मिनिटं बोलू? तुमच्याशीच बोलता येईल."

"सीनियर तू आहेस बाई. मी काय सांगणार?"

आणि नवा नमुना मशीनला लावला. ती गेली.

बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

बुधवार, १२

तिचा साधा पांढरा कोटसुद्धा डोळ्यांत खुपतो.

सोमवार, १७

संपदा गेली! राजीनामा म्हणे. बार्जवरून नमुने आणणारा अक्रम सांगत होता, "मॅडम बहुत रो रही थी." मला काय त्याचं! सरांनी लगेच बोलावलं — "उद्यापासून सीनियर तू." येताना ओवीसाठी कुनाफा मिठाई घेतली. ओवीने चक्क मिठी मारली.

संपदाला मेसेज करावा का? नको.

मंगळवार, १८

पहिलाच नमुना. चोपन्नला पेटला. पुन्हा केला — चोपन्नच. रिपोर्ट घेऊन गेले.

"आत ये. दार लाव," सर म्हणाले. मग अगदी गोड आवाजात, "एकसष्ट लिही. संपदाला हेच समजावत होतो रोज. हट्टी मुलगी. तू समजूतदार आहेस."

बाहेर आले. चोपन्न लिहिलं आणि रिपोर्ट थेट जहाजाच्या चीफ इंजिनीअरला पाठवला. मग संपदाला फोन लावला.

हॅलोसुद्धा म्हणाली नाही. "ताई, किती लिहिलंत?"

"चोपन्न."

रडायला लागली. मीही.