आमच्या ओळीची घरपट्टी मी कशी वाढवली

१४, बेंट टेरेस, टॉडमर्डन
मंगळवार, १९ नोव्हेंबर

ती. हिल्डाताईस, धाकट्या भावाचा, गुडघा परवानगी देईल तितका वाकून नमस्कार.

तिकडे समुद्रकाठी तुझं बरं चाललं असेल अशी आशा करतो. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का, की त्यांनी पुन्हा तारीख पुढे ढकलली? (झालं नसेल तर हे पत्र शेजारणीकडून वाचून घेऊ नकोस. त्यात खाजगी गोष्टी आहेत.) माझं विचारशील तर तक्रारीला जागा नाही, असं मी इथे दुकानात, चॅपलमध्ये आणि डॉक्टरलासुद्धा सांगतो. तू सख्खी बहीण म्हणून तुला सांगतो, तक्रारीला एवढी जागा आहे की तिच्यात एक पलंग मावेल. पाऊस अकरा दिवस थांबलेला नाही. छपरावरची एक स्लेट सरकली आहे आणि मागच्या खोलीत ओल आली आहे. माझी म्युरिएल असती तर तिने ओलीला बोलून बोलूनच वाळवलं असतं. ती जाऊन येत्या फेब्रुवारीत तीन वर्षं होतील.

पण पत्र लिहायचं कारण ओल नाही, घरपट्टी आहे. दरवर्षी मार्चमध्ये बिल येतं, मी ते न वाचता भरतो आणि बिस्किटांच्या डब्याखाली ठेवतो. सभ्य माणसाने बिलाशी यापेक्षा जास्त ओळख वाढवू नये असं माझं मत होतं. या वर्षी मात्र नवा चष्मा आला होता आणि कशावर तरी तो वापरून बघायचा होता. म्हणून बिल वाचलं, आणि त्यात आमचं घर सी श्रेणीत आहे असं दिसलं. मग वाचनालयातल्या बाईंनी मला संगणकावर आमच्या सगळ्या ओळीची यादी काढून दिली. ताई, अठरा घरं, एकाच वर्षी एकाच दगडाची बांधलेली, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून चढावर उभी. त्यातली सतरा घरं बी श्रेणीत आणि एकटं चौदा नंबर सीमध्ये! म्हणजे तीस वर्षं मी शेजाऱ्यांपेक्षा जास्त भरत आलो आणि वर त्यांनाच शिडी उसनी देत आलो.

तुला ठाऊकच आहे, या श्रेणी आजच्या किमतीवर ठरत नाहीत. पहिली एप्रिल एक्याण्णव या दिवशी घर विकलं असतं तर काय किंमत आली असती, यावर ठरतात. (एप्रिलची पहिलीच तारीख निवडताना कोणाच्या मनात काय होतं कोण जाणे.) तेव्हा लोक सांगायचे की किमती ठरवणारा माणूस गाडीतून उतरतही नाही, दुसऱ्या गिअरमध्ये गल्लीतून जातो आणि खिडकीतून बघून अक्षर लिहितो. आता त्याच सुमारास म्युरिएलने पुढचा दरवाजा गर्द हिरवा रंगवून घेतला होता, आणि पायरी तर ती रोज घासायचीच. माझी पक्की खात्री आहे की तो माणूस आमच्या दारापाशी आला, दरवाजा बघितला, "वा!" म्हणाला आणि सी लिहून पुढे गेला. तीस वर्षं आम्ही डबाभर रंगाची घरपट्टी भरतोय.

म्हणून मी किमती ठरवणाऱ्या कचेरीकडे फेरतपासणीचा अर्ज केला. त्या अर्जात एक विचित्र सुख आहे. त्यात आपल्याच घराला आपण नावं ठेवायची असतात, आणि तेही कितीही पानं. मी ओलीबद्दल दीड पान लिहिलं. जिन्यात वर्षानुवर्षं डोकं आपटतं ते लिहिलं, मागच्या अंगणात दुपारी दोननंतर ऊन येत नाही ते लिहिलं. मग पुरावा म्हणून खालच्या श्रेणीतली आपल्यासारखीच पाच घरं द्यायची असतात. मी दिली. पहिलं दिलं सोळा नंबर, म्हणजे शेजारच्या मिसेस क्रॅबट्रींचं; त्याची पुढची भिंत टेपने मोजूनही घेतली. (त्यांना विचारलं नाही. आमच्या ओळीत माणूस शेजाऱ्याला मूळव्याधीबद्दल विचारेल, पण घरपट्टीबद्दल विचारणार नाही.) शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं की माझी एकच मागणी आहे, सगळ्यांना सारखा न्याय मिळावा.

तो मिळाला. सप्टेंबरात उत्तर आलं, फार सौजन्याचं. त्यांनी लिहिलं होतं की तुमचं म्हणणं तपासलं आणि ते अगदी बरोबर निघालं. ही सगळी घरं खरोखरच सारखी आहेत. वीस नंबर नव्वद साली ज्या किमतीला विकलं गेलं ती बघता तुमचं घर सीमध्ये आहे हे योग्यच आहे, चूक आहे ती बाकीच्या सतरा घरांची. ती आता दुरुस्त करून सीमध्ये घेत आहोत. ही बाब लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

ताई, मी ते पत्र हातात धरून जिन्यात बसलो. (उठताना डोकं आपटलं.) खालची घरं वर जाऊ शकतात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आयुष्यभर हेच बघितलं की आपण रांगेत उभे राहिलो की आपलीच खिडकी बंद होते. आपल्यामुळे दुसऱ्यांची बंद होईल, एवढी माझी पोच कधी नव्हती.

त्याच आठवड्यात सतरा दारांतून सतरा नोटिसा पडल्या. नोटिशीत कोणाचं नाव नव्हतं, आणि त्यामुळेच सगळं बिघडलं. नाव असतं तर त्यांनी मला एकदाच काय ते बोलून घेतलं असतं. आता प्रत्येक जण प्रत्येकाकडे बघू लागला. आठ नंबरचा रेमंड सग्डेन (निवृत्त बस ड्रायव्हर, त्याचा आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत जातो) याने चॅपलच्या हॉलमध्ये सभा बोलावली. चहा होता, बिस्किटं होती, आणि मी होतो. रेमंड उभा राहून म्हणाला, "ज्याने कोणी हे केलंय त्याने हे लक्षात ठेवावं, की या गल्लीत त्याला मेल्यावर खांदा द्यायला कोणी मिळणार नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, जरा जास्तच.

मग ठरलं की सगळ्या ओळीच्या वतीने एक पत्र धाडायचं, आणि ते लिहायचं कोणी, तर मिसेस क्रॅबट्री उठून म्हणाल्या, "विल्फ्रेड लिहील. त्याचं अक्षर चांगलं आहे, आणि त्या कचेरीशी कसं बोलायचं तेही त्याला कळेल." टाळ्या पडल्या. अशा रीतीने माझ्याविरुद्धच्या खटल्यात मीच वकील झालो.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तुला त्रास दिला नसता. गेली तीन वर्षं दर रविवारी मिसेस क्रॅबट्री मागच्या भिंतीवरून मला जेवणाची बशी देतात, वर दुसरी बशी पालथी घालून. म्युरिएल गेल्यावर पहिल्याच रविवारी दिली, त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत आणि मीही बोललो नाही. भिंतीशी पाच-दहा मिनिटं उभं राहून हवेबद्दल बोलतो, झालं. चाळीस वर्षांचा शेजार, पण मी अजून त्यांना एडना म्हणालेलो नाही. अठ्ठ्याहत्तर वय, एकट्या पेन्शनवर. नोटीस आल्यापासून त्या हीटर बंद ठेवून घरात कोट घालून बसतात. ऑक्टोबरात त्यांनी भिंतीवरून सांगितलं की हे असंच राहिलं तर घर विकून लेकीकडे, जॅनिसकडे, रेक्सहॅमला जाईन म्हणते, ख्रिसमसच्या आत. त्या रविवारचं मटण मी तसंच झाकून ठेवलं. ताई, खरं सांगतो, आठवड्यात माझ्याशी बोलणारं माणूस ते एवढंच, आणि त्याला मी स्वतः अर्ज करून घालवतोय.

म्हणून मी ओळीच्या वतीने पत्र लिहिलं, आणि असं लिहिलं की तसं कोणी लिहिलं नसेल. ही घरं सारखी आहेत असं म्हणणारा माणूस (म्हणजे मी) मूर्ख किंवा आंधळा असावा, असं त्यात म्हटलं. चौदा नंबर हे या ओळीतलं एक विलक्षण घर आहे, त्याचा जिना ऐटदार आहे, अंगणात सावली आहे आणि मागच्या खोलीत हवा थंड राहते. त्याच्या शेजारी सोळा नंबर हे निव्वळ खुराडं आहे. चौदाला हवं तर डी द्या, पण बाकीच्यांना बीमध्ये परत न्या. त्यांचं उत्तर आलं की दोन्ही पत्रांतलं अक्षर एकच दिसतं, तेव्हा २८ तारखेच्या गुरुवारी आमचा माणूस समक्ष येऊन बघेल.

असो. पाऊस वाढलाय, कागदही संपत आला. डोळ्यांना जप. थेंब वेळेवर घाल, तू विसरतेस.

तुझा,
विल्फ

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. तो माणूस गुरुवारी येईल तेव्हा घर श्रीमंत दिसायला हवं. तुझे ते जांभळे मखमली पडदे, पितळी दिवा आणि दिवाणखान्यातला गालिचा (मोठा, छोटा नको) बुधवारपर्यंत पार्सलने पाठवशील का? सोबत तुझ्या यजमानांचं ते सोनेरी चौकटीतलं चित्र आलं तर फारच उत्तम. आमचे आजोबा म्हणून लावीन.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच मिसेस क्रॅबट्री दारात उभ्या. पुढच्या दारात, मागच्या भिंतीशी नव्हे. त्या आत आल्या, कोट काढला नाही, आणि म्हणाल्या, "विल्फ्रेड, एप्रिलमध्ये तू माझ्या घरापुढे टेप घेऊन रांगत होतास. मला वाटलं तुझं काही पडलं. नोटीस आली तेव्हा कळलं काय ते." मग सभेत माझं नाव का सुचवलंत, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, "तुझी घाण तूच काढावीस म्हणून. आणि तुझी मजा बघावी म्हणूनही, खोटं कशाला बोलू?" मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं. रेक्सहॅमचं जूनमध्येच ठरलं होतं म्हणे, जॅनिसने खोलीही रंगवून ठेवली आहे. घरपट्टीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. "तुला कसं सांगावं कळत नव्हतं रे. ही नोटीस आली, मला वाटलं, बरं झालं, कारण मिळालं." मी म्हणालो, चहा टाकू का, एडना. त्या म्हणाल्या, नको, गाडीवाला सामान बघायला येतोय.

ता. क. ३. पडदे पाठवू नकोस. गालिचाही नको. डोळ्याचं ऑपरेशन झालं की तूच चार दिवस ये. स्टेशनापासून चढ आहे, पण मी खाली घ्यायला येईन आणि बॅग मी धरीन. ऑपरेशन झालं नसेल तरी ये.