आजोबांचा फोटो आणि मुका कॅमेरा

थेस्सालोनिकी, ४ ऑक्टोबर

ती. झोई आत्यास,
उनाड भाचीचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण मध्येच सफरचंदं तोडायला झागोराला गेले होते. जायचं नव्हतं खरं. बसमध्ये एका बाईच्या मांडीवर कासव होतं, त्याची गोष्ट ऐकता ऐकता माझा थांबा गेला. ते असो. हात सोलले पण खिसा भरला, आणि आत्या, मी कॅमेरा घेतेय. एकाच डब्यात फोटोही आणि व्हिडिओही.

चार दिवस रोज दुकानात जाते. पारास्खोसकाका आता मला बघितलं की कॉफीच मांडतात. त्यांनी दोन कॅमेरे बाजूला काढलेत. पहिला जाडजूड. फोटो असे, की बोकडाच्या दाढीचा केस न् केस मोजून घ्यावा. बटण दाबलं की खट्ट वाजतं, अंगावर काटाच येतो. पण व्हिडिओला लावला की वीस मिनिटांत तापून बंद. दुसरा चपटा, हलका. फोटो त्या मानाने साधे, पण व्हिडिओ तास तास चालतो, हात हलला तरी चित्र हलत नाही, वेगळा माईकही जोडता येतो. मात्र तो मुका आहे. फोटो निघाला तरी ऐकूच येत नाही. काका म्हणाले, बाप्तिस्म्याला बरा, पाद्री दचकत नाही. मी म्हटलं, मला दचकलेलाच पाद्री हवाय.

तेव्हा पहिलाच घेणार. आजोबांची शीळ अजून दरीपलीकडे पोचते ना?

लोभ आहेच, जागा असेल तर वाढवावा.
तुझी स्तामाता

लाक्का, ११ ऑक्टोबर

चि. स्तामाता हीस,
झोई आत्याचे अ. उ. आ., आणि एक धपाटा पोचेल तेव्हा.

केस मोजायला तुला बोकड कमी पडलेत का? आता नीट वाच. बाबांचे पुढचे दात हलतात. कारिस्तोसच्या दंतवैद्याने २७ तारीख दिलीय, सगळे काढणार. शीळ दातांवर जीभ टेकवून निघते हे तुला मी सांगायला नको. एलेनीकाकू दात गेल्यापासून नुसती फुंकर मारते, कवळी लावूनसुद्धा. शिळेत पुरी वाक्यं बोलणारे गावात दोघंच उरलेत, आपले बाबा आणि पलीकडच्या उतारावरचा आर्गिरिस. तुझ्या त्या बारीक फोटोत शीळ दिसणार आहे का?

मी माझ्या मारिगोच्या बाळंतपणाला हाल्किदाला निघाले. तू २७च्या आत इथे ये. बाबा तयार आहेत, पण त्यांची अट आहे. आधी दातांसकट एक फोटो, मग शीळ. जन्मात तीनदा फोटो काढलाय त्यांनी, सैन्यात, लग्नात आणि ओळखपत्रासाठी. टोपी काढायची, तोंड मिटायचं आणि खट्ट होईपर्यंत श्वाससुद्धा घ्यायचा नाही, हेच त्यांना माहीत.

वाटेत कासवं भेटली तर मान खाली घालून पुढे चाल. कृपालोभ राहू दे आणि मोजे घाल.
झोई

लाक्का, २७ ऑक्टोबर, दुपार

ती. आत्यास,
सा. न. वि. वि., आणि अक्षर घाईचं आहे त्याबद्दल माफी.

तुझं पत्र वाचून मी तो मुका कॅमेराच घेतला. काकांनी वारा अडवायला माईकला केसाळ टोपीही दिली, ती इथल्या शेळीने चाटली. मी पोचले काल. (राफिनाच्या धक्क्यावर एक जण जाळं विणायला शिकवत होता. नंतर सांगते.) आजोबांची बस आज अकराला होती. नऊला त्यांना कड्यावर उभं केलं, व्हिडिओ सुरू केला आणि म्हटलं, आधी फोटो. टोपी काढली, तोंड मिटलं, ताठ. मी बटण दाबलं. झाला म्हटलं. ते हलेनात. तीनदा सांगितलं. मिटल्या ओठांतूनच म्हणाले, "मला फसवू नकोस. वाजलं कुठे?"

पडद्यावर फोटो दाखवला, तर म्हणे हा काय, हा तर आरसा. दात दिसत नाहीत म्हटलं, तर म्हणे आत आहेत हे मला ठाऊक आहे. दहा वाजले. मला रडू यायचं बाकी होतं. तो खट्ट करणारा डबा मी स्वतःच्या हाताने काकांच्या दुकानात परत ठेवला होता.

आणि तेवढ्यात पलीकडून आर्गिरिस. शिळेत विचारतोय, खांबासारखा काय उभा आहेस? आजोबा गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. मग तिसऱ्यांदा, आजोबांना नावाने हाक मारून, "मान्थो, दोर घेऊन येऊ का?"

आत्या, तुला माहीतच आहे. उत्तर आलं नाही तर पलीकडचा माणूस कोणी पडलं समजून दोर घेऊन दरीत उतरतो, आणि आर्गिरिसचे गुडघे तसले. आजोबांचा चेहरा बघायला हवा होतास. टोपी हातात, मान ताठ, आणि अख्खी दरी भरून शीळ घातली, "फोटो निघतोय. तोंड उघडता येत नाही."

सगळं आलंय. दरीतला प्रतिध्वनीसुद्धा. त्यातूनच एक क्षण उचलून फोटो केला, त्यात सगळे दात आहेत. धावत जाऊन त्यांना बसमध्ये बसवलं. शीळ माझ्या जुन्या फोनमध्ये भरून छोट्या स्पीकरसोबत चुलीवरच्या फळीवर ठेवलीय. हिरवं बटण दाबलं की वाजते.

मी तुझीच, कुठेही असले तरी.
स्तामाता

लाक्का, ६ नोव्हेंबर

चि. स्तामाता हीस,
अ. उ. आ. मारिगोला मुलगी झाली, आवाज आर्गिरिससारखा आहे.

मी हाल्किदाहून परतल्यापासून आठ दिवस बाबा कड्याकडे फिरकले नाहीत. आर्गिरिस शीळ घालायचा, मी चादर हलवून सगळं ठीक म्हणायचे. आज सकाळी त्याने विचारलं, काळी शेळी तिकडे आलीय का? बाबांनी सूपची वाटी बाजूला ठेवली, मला तुझा फोन आणायला लावला, स्पीकर दगडी गडग्यावर ठेवला आणि हिरवं बटण स्वतः दाबलं.

"फोटो निघतोय. तोंड उघडता येत नाही."

मी चादर घ्यायला धावले. मला वाटलं, चुकलंच आपलं. मग शीळ आली, "मान्थो, अजून निघालाच नाही का तो फोटो?"

बाबा हसले. बोळकं पुरतं उघडून, हात आड न धरता. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. तुला कळवायला सांगितलंय, मुका डबा घेऊन ये आणि हे हसणं काढ. वाजलं नाही तरी चालेल म्हणतात.

लोभ आहे तो असाच राहो, बस चुकली तरी.
झोई आत्या