शेगुलामावशीची गाणी, फायनल ७

३ मे १९९२, डिमोना, इस्राएल
आज ऑफिसात कॉम्प्युटर आला. खरेदी विभागात टाइपरायटर बडवणारा मी एकटाच उरलो होतो, म्हणून मलाच दिला. कॉम्प्युटरवाला एलाद म्हणाला, यात चुकलेलं पुसता येतं, खाडाखोड दिसत नाही. म्हणजे हे यंत्र माझ्यासाठीच काढलंय.
संकल्प : शेगुलामावशीची गाणी टाइप करून पुस्तिका काढायची. आमच्या बेने इस्राएल लोकांत लग्नाआधी मेंदी असते, तिथं बायका म्हणायच्या ती मराठी गाणी. गावात आता ती पुरी येतात एकट्या मावशीला. वय त्र्याहत्तर. तिची इच्छा एवढीच, की माझ्या लेकीच्या, इन्बालच्या मेंदीला ती म्हटली जावीत. इन्बाल अकराची आहे. दोन आठवडे खूप झाले.

१९ मे १९९२
या यंत्राला हिब्रू येतं, इंग्रजी येतं. मराठी येत नाही. यात माझा काय दोष?
मावशी म्हणाली, अरे मग कागद-पेन्सिल घे नि लिही, मी सांगते. मी तिला समजावलं की हाताने लिहिलेल्याचा जमाना गेला. बायको रिव्का म्हणाली, टेप करून घ्या. टेपला पान नंबर टाकता येत नाहीत, हे तिच्या लक्षातच येत नाही.

१७ डिसेंबर १९९५
विंडोज आलं! घरी कॉम्प्युटर घेतला. मेहुण्याने मुंबईहून मराठी फाँटची फ्लॉपी पाठवली. आता बहाणा उरला नाही. (मधली तीन वर्षं मराठीच नव्हती, ती धरायची नाहीत.)

२२ डिसेंबर, शुक्रवार
शनिवारच्या शब्बाथच्या स्वयंपाकाला मदत म्हणून मावशी सकाळीच आली. मटार सोलता सोलता गायला लागली. मी म्हटलं, थांब, आधी शीर्षक बसू दे. अठरा पॉइंटात बारीक दिसतं, चोविसात मावत नाही. विसात झकास बसलं, तोवर मटार संपले आणि मावशीची घरी जायची वेळ झाली.
फाइलला नाव दिलं : फायनल.

८ सप्टेंबर १९९६
नवा पेच. पोरींना मराठी वाचता येत नाही, म्हणून गाणी हिब्रू अक्षरांतही हवीत. हिब्रू पुस्तक उजवीकडून उघडतं, मराठी डावीकडून. सिनेगॉगच्या कमिटीत दोन तट पडले. मेईर पेणकर म्हणाला, डावीकडून उघडलं तर मी हात लावणार नाही. शेवटी तोडगा मीच काढला : दोन्हीकडून उघडेल, मध्ये भेटेल.
मध्य काढायला पानं किती ते कळायला हवं. पानं कळायला गाणी हवीत. तूर्त एक्सेलमध्ये तक्ता मांडलाय. रंग फार सुरेख आले. पूर्ण झालेली कामं हिरव्या रंगात दिसतात. अजून हिरवा दिसला नाही, पण सोय आहे.

१ मार्च १९९८
कॉम्प्युटरवर नवीन मायक्रोसॉफ्ट ऑफिस टाकलं. आता कोपऱ्यात डोळेवाली तारेची क्लिप येते नि विचारते, पत्र लिहिताय का, मदत करू? सहा वर्षांत मदत करतो म्हणणारं हे पहिलंच. (रिव्का वाचणार नाही म्हणून लिहितोय. मदत करते ती रोजच म्हणत होती.)

१३ मार्च, शुक्रवार
मावशी आज एका गाण्याच्या मध्यावर थबकली. पुढची ओळ येईना. हसली, म्हणाली, म्हातारपण रे. तिच्याकडे बघवेना, म्हणून स्क्रीनकडे बघत बसलो. पानाला वेलबुट्टीची किनार लावली. काम पुढे सरकलं असंच म्हणायला हवं.

२१ मे २०००
सिनेगॉगच्या हॉलमध्ये पॉवरपॉइंटवर पुस्तिकेची माहिती दिली. ‘आपला वारसा’ ही अक्षरं एकेक करून उडत आली. टाळ्यांचा कडकडाट. मावशी पहिल्या रांगेत होती, तिनेही वाजवल्या. मग विचारलं, गाणी कुठायत रे? मी म्हटलं, पुढच्या स्लाइडवर. पुढची स्लाइड नव्हती. एलादला म्हटलं, दिवे लाव.
झोप आली नाही.

१५ नोव्हेंबर २००१
मावशी पडली, खुब्याचं हाड मोडलं. आता तिला येववत नाही, मीच जायला हवं. घर दोन चौक पलीकडे. हयगय नको म्हणून आउटलुकमध्ये दर गुरुवारचा रिमाइंडर लावला : ‘मावशीकडे जाणे.’ अचूक वाजतो. त्याला स्नूझ नावाचं बटण आहे. बनवणाऱ्याला माणसाची पारख आहे.

१२ जानेवारी २००३
इन्बालचं लग्न ठरलं. मुलगा पेताह तिक्वा गावचा, नाव झेएव, मराठीचा गंध नाही. जूनमध्ये मेंदी. आता मात्र कंबर कसली.
एलादच्या नव्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली. फाँट नाही, सगळं चिवडा-भडंग दिसतंय. एलाद हळहळला, किती वर्षांचं काम गेलं म्हणाला. मी नुसती मान हलवली. गेलं ते शीर्षक. बाकी काही नव्हतंच जायला. तो बिचारा मला कॉफी घेऊन आला, तीही प्यालो. शरम वाटली.

१८ मे २००३
नव्या विंडोजमध्ये मराठी आतूनच येतं! फाँटची कटकट नाही. हिब्रू उजवीकडून, मराठी डावीकडून, दोन्ही एकाच पानावर गुण्यागोविंदाने नांदतात. अकरा वर्षं मी थांबलो ते उगाच नाही. लॅपटॉपही घेतला. पुढच्या आठवड्यात मावशीकडे.

२० जून, शुक्रवार
सोमवारी मेंदी. आज गेलो. इन्बालही आली.
मावशी खिडकीपाशी, पायांवर शाल. मला ओळखलं. लॅपटॉप उघडला, फायनल ७, शीर्षक, किनार, सगळं जागच्या जागी. म्हटलं, मावशी, सांग.
तिने डोळे मिटले. ओठ हलले, थांबले. म्हणाली, सुरुवात सुटली रे बाळा. तू पहिली ओळ दे, बाकीचं माझ्या तोंडी आपसूक येईल.
मी लॅपटॉपचा पडदा सरळ केला. तिला वाटलं मला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाली, इतकी वर्षं माझ्यासमोर बसत होतास, एक तरी ओळ कानावर पडली असेल. कुठल्याही गाण्याची दे.
इन्बाल म्हणाली, नू, अब्बा, सांगा ना?
खूप आठवून पाहिलं. मटार आठवले. तिचं तोंड हलताना आठवलं. आणि माझाच आवाज : थांब, थांब, मावशी, जरा थांब.
मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती.
मी म्हटलं, आधी चहा टाकतो.