फडक्यातली फिरंग

३० ऑगस्ट ९८, रविवार
संगी आजबी आली न्हाय. तीन रविवार झाले. निरोप न्हाय, चिठ्ठी न्हाय. मी आपली सातापासनं काष्टा खोचून खळ्यात उभी. दत्ता म्हणला, आई, माझ्या लेकीला कॉलेजात पेपर तपासायचे असतील. असतील की.

मी म्हणलं व्हतं का मला शिकीव म्हणून? बारामतीत मास्तरीण झाली, तितं कुणी जर्मनीवरनं आलेल्या सायबानं जुन्या पुस्तकाची झेरॉक्स दिली, तिकडली तलवार कशी चालवायची त्याची. चित्रात समदे घट्ट तुमानीतले बाप्ये. जोडीला कुणी मिळंना म्हणून ही माझ्याकडं. "आजी, तुझा बा लाठी शिकवायचा ना? माझ्यासमोर नुसती उभी ऱ्हा." नुसती उभी ऱ्हायला मी काय बुजगावणं? दीड वरीस झालं त्याला.

६ सप्टेंबर, रविवार
आली. पाया पडायच्या आधी म्हणलं, कुठं मेली व्हतीस? हसली. भाकरी खाल्ली, मग काठ्या काढल्या.

त्यांच्यात उभं ऱ्हायच्या तऱ्हांना नावं हायत. एक बैल. मूठ कानापाशी, टोक समोरच्याच्या तोंडावर, शिंगागत. एक नांगर. मूठ कमरंशी, टोक वर. एक येडा. टोक खाली सोडून बावळ्यागत उभं ऱ्हायचं, समोरचा फसून अंगावर आला की घ्यायचा. नांगराचं मी पयल्याच दिवशी म्हणलं व्हतं, रुमणं असं धरलंस तर बैल बांधावर जातील, कोपर आत घे. लगी वहीत लिवून घेतलं. वही दोनशे पानी, निम्मी माझीच हाय.

आज दोनदा तिच्या मनगटाला लागली माझी काठी. ध्यान नव्हतं तिचं. म्हणली, दिवाळीनंतर पुण्यात कार्यक्रम हाय, लोकांसमोर खऱ्या लोखंडी पात्यानं करून दाखवायचं.
"लोखंड कुठलं तुझ्याकडं?"
"मैत्रिणीचं हाय."
"आन जोडीला?"
"तूच की, आजी. तुझ्याबिगर कोण?"
बरं वाटलं. लिवून ठिवते, बरं वाटलं.

९ सप्टेंबर
डोस्क्यात एकच. देव्हाऱ्यात आपली फिरंग हाय, सरळ पात्याची तलवार, सासऱ्यांच्या आज्याची. मग मागून आणल्यालं लोखंड कशाला? सासूबाईंची रीत व्हती, फडक्यातनं काढायची ती घरच्या बाप्यानं, खंडेनवमीला. हे गेले तवा मीच म्हणलं, आता कुणी सोडायची न्हाय. सहा वर्सं तशीच. फडक्याच्या वरनंच हळदकुंकू, वरनंच झेंडू. रीत मी घातली, मीच मोडते. संगीला द्यायची. दत्ताला इचारणार न्हाय.

१० सप्टेंबर
फडकं सोडलं. आत जीपचा पाटा. चाकावरला, ठोकून सरळ केल्याला. एका टोकाला बोल्टाचं भोक. मुठीच्या जागी सुतळीचे येढे, वरनं हात फिरवला तर मूठ लागावी म्हणून.
ह्याला मी हळदकुंकू वाहिलं.
दुसरीपतुर शिकले त्याचा उपेग एवढाच, हे लिवता आलं.

११ सप्टेंबर
दत्ताला म्होरं बसवलं. पाटा मांडीवर घेतला.
"हे काय?"
टोपी काढून गुडघ्यावर ठिवली.
"दत्त्या, हे काय?"
"लोखंडच हाय की, आई. देव काय फडकं सोडून बघतो?"
"देव न्हाय बघत. म्या बघितलं."
मग निघालं. गेल्या साली श्रावणात संगीनं मागितली, ह्यानं दिली. पाटा ह्यानंच गॅरेजातनं आणला.
"तू न्हायच म्हणली असतीस, आई."
"इचारलं व्हतंस?"
न्हाय. म्हंजे गेल्या दसऱ्याला मी पाट्याला ओवाळलं, आन दोघं बापलेक शेजारी हात जोडून उभी. संगीनं तर परसाद वाटला.

१३ सप्टेंबर, रविवार
ती यायच्या आधी मीच गेले. पयली एसटी. बारामतीतल्या खोलीचं दार उघडलं आन तिचं त्वांड पांढरं पडलं. काय इचारायची गरज न्हाय पडली, कॉटखालनं काढून म्होरं ठिवली.

आधी वळखलीच न्हाय. आपली मूठ न्हाय. दोन हात मावतील अशी लांब लाकडी मूठ, वर आडवा लोखंडी दांडा. टोक रुपयागत गोल. धार ग्राइंडरवर घासून बोथट केल्याली. पात्यावर तीन चांदकोरी हायत, तेवढ्यावरनं वळखली.
"कुणाला लागू नये म्हणून धार घालवली, आजी."
"जुनी मूठ?"
"काढताना मोडली."
मग म्हणली, "पातं मुळात फिरंग्यांच्याच मुलखातलं. म्हणून तर फिरंग म्हणतो आपण. मी फक्त पयल्यासारखी केली."
"मी माहेरची निरवांगीची. शेळगावात येऊन चौपन्न वर्सं झाली. मलाबी घासूनपुसून निरवांगीला न्हेऊन सोड."
"आजी, सांगणारच व्हते मी."
"कवा? परसाद वाटून झाल्यावर?"

हातात घेतली. तोल झ्याक झालाय. खोटं कशाला लिवू. त्यानंच जास्त आग झाली. तितंच टाकून आले.

एसटीत बसल्यावर सुचलं. वरीसभर पोरगी माझ्यापुढं येडा धरून उभी व्हती. आन मी तिला कोपर आत घ्यायला शिकवत बसले.

२० सप्टेंबर, रविवार
उद्या घट बसतील. संगी सकाळीच आली, फिरंग पोत्यात गुंडाळून. ती ओसरीवर ठिवली, काठ्या घेऊन खळ्यात जाऊन उभी. मी काष्टा खोचला न्हाय. ती घटकाभर उभी, मग तितंच बसली.
दत्ता म्हणला, "आई, ती रडती."
"मग तू तिचं नाक पूस."
"पुण्याचं काय सांगू तिला?"
व्हय म्हणले न्हाय. न्हायबी म्हणले न्हाय. अजून माझं मलाच कळलं न्हाय.

देव्हाऱ्यापुढं दोन्ही शेजारी मांडलंय, पाटा आन ती. उघडं. हळदकुंकू दोन्हीतल्या कुणाला लावायचं? एका दसऱ्याचा मान पाट्यानं घेतलाय, त्याचा बिचाऱ्याचा काय गुन्हा. नवमीला भावकी येईल, इचारल, आक्का, हे काय मांडलंय? तवा मी बोलणार न्हाय. दत्तानं त्वांड उघडायचं न्हाय. संगीनं सांगायचं. समद्यांसमोर, उभ्यानं, गेल्या सालच्या श्रावणापासनं.