बाबांसाठी घेतलेली फोर बाय फोर

१५ जून, रविवार. सकाळी ९.४०
आली. फोर बाय फोर, चारही चाकांना इंजिनाची ताकद. काळी. आख्ख्या लेआउटमध्ये, आमच्या कॉलनीत, एकाच्याही दारात अशी नाही. चारही चाकांखाली लिंबं ठेवली, बायकोने, जयाने, ओवाळलं, मी गाडी फाटकातून आत घ्यायला गेलो. फाटक वीतभर अरुंद निघालं. ज्या मिस्त्रीने बांधलं त्याला दूरदृष्टी नव्हती. गाडी बाहेर, कडुनिंबाखाली.

बायको म्हणे, घ्यायच्या आधी फाटक मोजून काऊन नाई पाह्यलं? तिला वाटतं मी हौसेने घेतली. बाबांसाठी घेतली. बाबा तळेगावच्या पलीकडे गावात, माझ्या धाकट्या भावाकडे, भूपेंद्रकडे असतात. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. वर्ध्याच्या डॉक्टरांनी मे महिन्यातच सांगितलंय: महिन्याभरात आणा, ऑपरेशन करू, या आजारात गेलेली नजर परत येत नाही. आणि गावाचा रस्ता कसा? तळेगावपासून चार किलोमीटर पांदण, म्हणजे शेताशेतातली कच्ची वाट, आणि मध्ये नाल्यावर बुटका रपटा, पावसात पाण्याखाली जाणारा पूल. अशा वाटेला ही गाडी नाही तर काय खेळण्यातली मोटार नेऊ?

पुढच्या रविवारी बाबांना आणायचं. ठरलं. भूपेंद्रला फोन करून बजावलं, यापुढे बाबा एस.टी.त बसणार नाहीत. मोठा मुलगा वर्ध्यात, दारात अशी गाडी, आणि बाप स्टँडवर उभा? लोक तोंडात शेण घालतील.

१६ जून, सोमवार
ऑफिसला गाडीने. अंतर दीड किलोमीटर. पस्तीस मिनिटं लागली, त्यातली वीस पार्किंगला. शेवटी पेन्शनर लोकांच्या बाकासमोर लावली. म्हाताऱ्यांनी फार कटकट केली, हवा अडली म्हणे. माझ्या शेजारच्या टेबलचा अच्युत, ज्याच्याकडे अकरा वर्षं जुनी चार माणसांची डबी आहे, त्याने चहाच्या वेळी सगळ्यांदेखत विचारलं, अंकुशराव, दुसरी दोन चाकं कुठं फिरवता, आवक-जावक विभागात का? सगळे हसले. हसा. ताकद रोज वापरायची नसते. ती असावी लागते. हे डबीवाल्याला नाही समजणार.

२२ जून, रविवार
जया आणि मी गावाला गेलो. पांदण कोरडी, गाडी मस्त चालली. फोर बाय फोर लावायची गरजच पडली नाही. (लावायची कशी तेही एकदा गाडीच्या पुस्तकात पाहायचंय.)

बाबा बाहेर आले, बॉनेटवर हात फिरवला. म्हणे, भिंत आहे का काय हे? मग दार उघडलं तर त्यांचा गुडघाच तिथवर उचलेना. मी वरून ओढलं, भूपेंद्रने खालून ढकललं. बाबा चिडले. मले काय सरकीचं पोतं समजता काय रे, म्हणे. शेजारच्या वच्छलाबाई प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन धावत आल्या. मी नको म्हटलं. अख्खं गाव मोबाइल काढून उभं, आणि एवढ्या गाडीपुढे निळं स्टूल? शोभतं का?

बाबा खाली उतरले. म्हणे, मी एस.टी.नं येतो अंकुश, खालच्या पायरीवर चढता येते मले, अन् माझं तिकीट बी लागत नाई. मी स्पष्ट सांगितलं, नाही म्हणजे नाही. पायरी बसवून घेतो, मग येतो. पंधरा दिवसांनी काय बिघडतं?

परत येताना जयाने तळेगाव स्टँडवर गाडी थांबवायला लावून एस.टी.च्या वेळा उतरवून घेतल्या. तिचा हा स्वभावच आहे.

३० जून, सोमवार
पायरी नागपूरहून यायची आहे. तोवर ऑफिसला जयाच्या स्कूटीने जातो. गाडीला जरा आराम. शिवाय नळाच्या पाइपसाठी आमच्या रस्त्यावर खड्डे खणलेत. अशा रस्त्यावरून कोणी चांगली गाडी काढतं का?

१३ जुलै, रविवार. दुपारी ४
डोकं फिरलंय.

पायरी काल बसली. आज बाबांना आणायला गेलो तर रपट्यावरून पाणी. पुस्तकात लिहिलंय की ही गाडी सातशे मिलिमीटर पाण्यातून जाते. पण नाल्यात किती मिलिमीटर आहे हे कोणी सांगायचं? तिथे पट्टी लावलेली नाही. या देशात कोणतंही माप धड नाही. दोन तास उभा होतो. तेवढ्यात सतरा शेळ्या पलीकडे गेल्या. एक बाई डोक्यावर भारा घेऊन गेली.

पलीकडून भूपेंद्र बाबांना बैलबंडीत बसवून, वर छत्री धरून उभा. ओरडला, आण ना दादा, घोट्याइतकंच पाणी आहे! मी शोरूमवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, सर, गाडी जाईलच, पण पाणी आत गेलं तर वॉरंटीत बसत नाही. ऐकलं? जाईलच, पण. मग भूपेंद्र म्हणे, थांब, मीच बाबाले बंडीनं पार आणून देतो, तिकडून तू ने. मी हातानेच नाही म्हणून सांगितलं. फोर बाय फोर काठावर उभी, आणि बाबा बैलबंडीतून येणार? मग गाडी घेतली कशाला?

परत फिरलो. बाबा बराच वेळ हात हलवत होते. पण माझ्याकडे पाहून नाही, बाभळीकडे पाहून. वयानं माणसाचं लक्ष राहत नाही.

२५ जुलै, शुक्रवार
जयाने जेवताना विषय काढला. बाबांचे डोळ्यांत टाकायचे थेंब संपलेत, डॉक्टरांनी दिलेला महिना कधीच होऊन गेला, सोमवारी मी सुट्टी टाकून जातो अन् त्यायले एस.टी.नं आणतो, म्हणे. मी ताट सारलं. तू म्हणजे मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवू नको, म्हटलं. थेंब मी पाठवतो.

(थेंब पाठवायचे आहेत.)

३ ऑगस्ट, रविवार
फोर बाय फोरवाल्यांचा एक ग्रुप आहे, त्यांच्याबरोबर टेकडीवर सरावाला गेलो. बाबांसाठीच. सराव नको? बाकीच्यांनी दगडधोंड्यांवरून गाड्या चढवल्या. मी पहिल्या दिवशी निरीक्षण करायचं ठरवलं. घडीची खुर्ची नेली होती. टी-शर्ट मिळाला. स्टेटस टाकलं, तर अच्युतने खाली लिहिलं, बाबांना आणलं का मग? लोकांना दुसऱ्याच्या घरात फार रस.

९ ऑगस्ट, शनिवार
थेंब पाठवले. तळेगावला जाणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरकडे दिले, पोचलेही संध्याकाळी. एस.टी.चं तेवढं बरं आहे.

२१ ऑगस्ट, गुरुवार. संध्याकाळ, गावी
यावेळी पक्कं, जयाही सोबत आहे. पाच दिवस उघाड, रपटा कोरडा, पायरी भक्कम. उद्या अकराची अपॉइंटमेंट. उद्या पोळा आहे. बाबा आधी कुरकुरले, पोळ्याच्या दिवशी काऊन? मग म्हणे, चाल, पोळा फुटायच्या आत येऊन जाऊ. माझे बैल मले पाहाचे आहेत. कसं पाहणार, हे मी विचारलं नाही.

आत्ता भूपेंद्रने बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळलं. बाबाही बसल्या बसल्या एका बैलाच्या खांद्यावर हात फिरवत होते. मग त्याच्या कानात म्हणाले, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. आवाज जरा ओला वाटला. वय झालंय.

गाडी घरापुढे ठेवली नाही. उद्या सजवलेले बैल गल्लीतून जातील, एखाद्याचं शिंग लागलं तर पेंट गेला. पांदणीने मागे नेऊन वावरात लावली, धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेला. भूपेंद्र म्हणे, दादा, काळी माती आहे, पाणी आलं तर फसते. त्याला म्हटलं, बाबू, ही फोर बाय फोर आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा
सकाळी ६.५०. पहाटे सर येऊन गेली. गाडी फसली.

७.३०. पुस्तक वाचून फोर बाय फोर लावली. दोन चाकं नुसती फिरत होती, आता चार फिरतात. गाडी आणखी खाली गेली. नवीन पायरी चिखलाला टेकली.

८.००. भूपेंद्रला म्हटलं, बैल जुंप. तो माझ्याकडे असा पाहत राहिला की जणू मी बाबांनाच जुंपायला सांगितलं. दादा, आज? आज त्यायच्या मानेवर जू नाई ठेवत. मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे. म्हणे, एक मिनिट बी नाई. चार घरी फिरलो. चारही घरी हेच. वर्धेले राहून पोळा बी विसरला का रे अंकुश, असं एका म्हाताऱ्याने ऐकवलं. गावातल्या रूपरावचा ट्रॅक्टर आर्वीला दुरुस्तीला पडलाय. सगळं जग ठरवून माझ्या विरोधात.

८.४०. बाबा सहा वाजल्यापासून ओट्यावर बसलेत. पांढरं धोतर, टोपी, मांडीवर पिशवीत डॉक्टरांची फाइल. दर पाच मिनिटांनी विचारतात, आली का गाडी?

९.००. जया उठली. मला विचारलं नाही. भूपेंद्रने मोटरसायकल काढली, बाबा मधे, जया मागे. गेले तळेगावला. जाताना मी ओरडलो, थांबा, निघतेच आहे! मोटरसायकल चिखलातून सरळ निघून गेली. दोनच चाकं.

१२.३०. जयाचा फोन. एस.टी. लगेच मिळाली, बाबांना खिडकी मिळाली, त्यांचं तिकीट शून्य, तिचं अर्धं. डॉक्टर थांबले होते. मी विचारलं, काय म्हणाले? म्हणे, आम्ही वर्धेलेच थांबतो, इकडं आल्यावर सांगतो.

५.३०. पोळा फुटला. गाडीत एसी लावून बसलो होतो, चिखलात उतरायचं कुठं? शिंगांना बेगड, पाठीवर झुली, बैल वाजतगाजत घरोघरी निघाले. पोरंटोरं वावरात येऊन गाडीवर गुलाल टाकून गेली. वच्छलाबाई पूजेचं ताट घेऊन आल्या, बॉनेटला हळदीकुंकू लावलं, पुरणपोळीचा तुकडा पुढे ठेवला. म्हणे, आज इले बी आराम. खरं सांगतो, थट्टा करत होत्या की काय तेच मला समजलं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
काल पोळ्याची कर, कालही कोणी बैल जुंपले नाहीत. आज भूपेंद्रने दोन जोड्या लावल्या. दहा मिनिटांत गाडी बाहेर. पायरी चिखलातच राहिली. बैलांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

वर्ध्याला घरी आलो. बाबा आतल्या खोलीत झोपले होते. जयाने न ओरडता सांगितलं. उजवा डोळा गेला. डाव्याची थोडी कड उरली आहे, उद्या ऑपरेशन, ती राहील की नाही सांगता येत नाही. जूनमध्ये आणलं असतं तर, म्हणाले. डॉक्टर लोकांना असं म्हणायची सवय असते. जूनमध्ये नेलं असतं तर म्हणाले असते, एप्रिलमध्ये का नाही.

लाज वाटते आहे. एकदा लिहून टाकलं. पुन्हा लिहिणार नाही.

१४ सप्टेंबर, रविवार. सकाळी ११
ऑपरेशन झालं. बाबांना उजेड-अंधार समजतो. खिडकी कुठे आहे ते सांगतात. बाकी नाही.

आज स्वतःच म्हणाले, अंकुश, तुह्या गाडीत बसव एकदा. गावाकडे चक्कर मारून आण, बैलायच्या अंगावर हात फिरवतो. मला इतका आनंद झाला! घरातलंच निळं प्लॅस्टिकचं स्टूल लावलं, हो, स्टूलच. बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून पहिल्या झटक्यात चढले. पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, इंजिन सुरू केलं, एसी लावला. आणि पाहतो तर गाडीच्या पुढे समोरच्या घरमालकाने गिट्टीचा, म्हणजे खडीचा, ढीग ओतून ठेवलेला, मागे रेतीचा ट्रक उभा. ट्रकवाला चहाला गेलेला.

गिट्टी गुडघाभरच होती. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर गाडी नेमका असाच ढीग चढताना दाखवली आहे. लिव्हरला हात लावला. मग खालून घासेल असं वाटलं. हात काढला.

बाबा समोर तोंड करून, हसत बसले होते. त्यांना आता उतरा कसं सांगायचं? म्हटलं, ट्रक निघेपर्यंत बसू दे. थंडगार हवेत, मऊ सीटवर. इंजिनाला थोडी रेस दिली.

थोड्या वेळाने विचारलं त्यांनी, कुठवर आलो?

मी म्हटलं, आर्वी नाका.

मान हलवली. रस्ता लय चांगला झाला, धक्काच नाई, म्हणे. मी म्हटलं, सस्पेन्शन आहे बाबा. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, एस.टी.त बसायचे तसे. मी मधून मधून रेस देत होतो. ट्रकवाल्याचा पत्ता नाही.

पुन्हा विचारलं, आता?

आर्वी आली, म्हटलं.

बाबा माझ्याकडे वळले, म्हणजे माझ्या आवाजाकडे. म्हणे, अंकुश, आपल्या बाजूच्या घरचा कुकर तिसऱ्यांदा वाजला.

त्यांनी पट्टा चाचपला, सुटेना तर माझा हात धरून त्यावर नेऊन ठेवला. म्हणे, उतरव मले. एस.टी.नं जाऊ. तू बी येजो.

इंजिन बंद केलं. स्टूल लावलं. बाबांना उतरवून आत नेलं. उद्या सकाळची एस.टी. किती वाजता सुटते ते मला माहीत नव्हतं. जयाला विचारलं. सव्वासातला आहे.