पाहुणे यायच्या आधी

वच्छे,
मुलतानी माती भिजवून माठाजवळ ठेवली हाये. आंघोळीच्या आधी तोंडाले लाव, उन्हानं कपाळ रापलं तुह्यं. तू दोन दिवसांत उजळते, मी नाही उजळत.

मी सकाळच्या मोटारीनं खामगावले मावशीकडं चालली. मायनं इचारलं तं खरं सांग. चैतात मले पाहून, "पोरगी सावळी हाये," म्हणून गेलेले लोक आज तुले पाहाले येऊन राह्यले. त्यांच्यापुढं चहाचे कप नेणं माह्याच्यानं होणार नाही. तुह्यावर राग नाही म्हणलं तं खोटं होईल.

माही अबोली साडी नेस, तुले शोभते. पावडरचा नवा डबा मात्र मी संग घेऊन चालली. तेवढा आज तुले देववत नाही.

तुही कोकीताई